सुतकातले नमुने

९ ऑक्टोबर २००८, दसरा

आज प्रयोगशाळेत यंत्राची पूजा झाली. पूजा मीच केली. दिगंबरराव मालक असले तरी त्यांना पूजेतलं काही येत नाही, आणि येत नाही हे कबूल करणंही येत नाही. ते हात बांधून उभे राहिले आणि झेंडूचा हार कसा घालावा याबद्दल सूचना देत राहिले. हार यंत्राच्या नळ्यांवर येत होता, तो मी मागे सरकवला. एचपीएलसी यंत्राला हळदकुंकू लावलेलं पाहून कुणा परदेशी माणसाला हसू आलं असतं. येऊ दे. आमचं यंत्र, आमचं कुंकू.

मार्चमध्ये हे यंत्र कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आलं, तेव्हापासून रोज सकाळी ते सुरू करण्याआधी मी फळीवरच्या दत्ताच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावते. माझा फार विश्वास आहे असं नाही. पण यंत्र एकदाही अडलेलं नाही, मग मोडा कशाला?

उद्यापासून नवं काम. हडपसरच्या पुढचा एक कारखाना मळीपासून रम करतो. दारू गाळताना तिच्याबरोबर अल्डिहाइड जातीची काही द्रव्यंही उतरतात. ती किती आहेत ते मोजून द्यायचं. श्रीनिवास म्हणाला, "आयुष्यात एक थेंब न घेतलेल्या बाईच्या हाती दारू सोपवली, आता पुणं सुरक्षित." नवऱ्याने कौतुक केलं की टोमणा मारला हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळत नाही.

माझ्या सहीचा अहवाल आजवर कुणी परत पाठवलेला नाही. हे मी बाहेर बोलत नाही. इथे लिहायला हरकत नाही.

१५ ऑक्टोबर

तीन टाक्यांचे नमुने आले. काल रात्री जेवताना श्रीनिवासला सगळी पद्धत समजावून सांगितली, तो "बरं" म्हणाला. म्हणून इथे लिहून ठेवते. वही निदान "बरं" म्हणत नाही.

नमुन्यात डीएनपीएच नावाचं नारिंगी औषध घालायचं. ते अल्डिहाइडला घट्ट धरून ठेवतं. मग नमुना आटवून थेंबभर करायचा आणि यंत्रात सोडायचा. यंत्र प्रत्येक द्रव्य वेगळं करतं आणि आलेखावर एकेकाचा सुळका काढतं. सुळका कुठे आला यावरून द्रव्य कोणतं ते कळतं, उंचीवरून किती ते. आटवताना वर नायट्रोजनचा मंद झोत सोडायचा, कारण तो कशाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

आणि प्रत्येक खेपेला एक ब्लँक करायचा. त्यात दारूऐवजी शुद्ध मद्यार्क घ्यायचा, बाकी सगळं तेच करायचं. ब्लँकमध्ये सुळका आला तर चूक आपल्याच घरची. आज ब्लँक केला. आलेख सपाट. पाहून बरं वाटलं.

१८ ऑक्टोबर

नायट्रोजनचा सिलिंडर संपला. पुरवठादार म्हणतो, दिवाळीनंतर बघू. तिकडे कारखान्याने तो माल बाटल्यांत भरायचा थांबवून ठेवलाय आणि दिगंबरराव दर तासाला येऊन "कुठवर आलं" विचारतात.

शेवटी डोकं चालवलं. घरी माळ्यावर माशांच्या टाकीचा हवेचा पंप पडून होता. मासे केव्हाच गेले, पंप शाबूत. तो आणला. रिकामा प्लग फक्त फळीपाशी होता, म्हणून पंप दत्ताच्या शेजारी ठेवला आणि नळी खाली नमुन्यावर सोडली. झोत अगदी हवा तसा. सकाळची पूजा आटोपून बसले ती दुपारपर्यंत तिन्ही नमुने आटले. दिगंबरराव म्हणाले, "सरोजिनीबाई, तुम्ही अमेरिकेत असता तर तुमचं नाव झालं असतं." मी म्हटलं, अमेरिकेत असते तर सिलिंडर वेळेवर आला असता.

नवा ब्लँक केला नाही. तीन दिवसांपूर्वीचा आहे. एकच नळी, पुन्हा अर्धा दिवस गेला असता. औषध तेच, मद्यार्क तोच, हात तोच.

२० ऑक्टोबर

तिन्ही नमुन्यांत फॉर्माल्डिहाइड आहे. थोडंथोडकं नाही, चांगलं ठसठशीत. पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. बाटलीतल्या फॉर्माल्डिहाइडमध्ये तेच औषध घालून ते यंत्रात सोडलं आणि पडताळलं. सुळका बरोबर त्याच जागी. आज सकाळी आल्या आल्या पुन्हा नमुने आटवले. पुन्हा तेच.

हे दारूत आपोआप एवढं येत नाही. कारखान्यांत टाक्या किडू नयेत म्हणून फॉर्मालिनने, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या फॉर्माल्डिहाइडने, धुतात. तेच ते, ज्यात वैद्यकीय कॉलेजात मृत शरीरं ठेवतात. धुतल्यावर टाकी नीट खंगाळली नाही की ते मालात उतरतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी अहवालात तशी एक ओळ घातली: संभाव्य कारण, टाक्या धुण्यातील हलगर्जीपणा. नुसते आकडे देऊन मोकळं होणं मला जमत नाही. सही केली.

२३ ऑक्टोबर

आज त्या कारखान्यातून एक माणूस आला. कारखान्याने पाठवला नव्हता, स्वतःहून रजा टाकून आला होता. नाव मच्छिंद्र. दारू गाळायच्या विभागात पाळीचा मुख्य आहे. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दत्ताची तसबीर पाहून चपला दाराबाहेर काढल्या. बसा म्हटलं तरी बसला नाही.

म्हणाला, टाक्या माझ्या देखत धुतात, धुतल्यावर मी स्वतः आत डोकं घालून वास घेतो. फॉर्मालिनचा वास लपत नाही. मग हळूच विचारलं, "मॅडम, मशीन चुकू शकतं का हो?"

मला राग आला. आला हे कबूल करते. हजार लोकांनी हजार वेळा हा प्रश्न विचारलाय, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. मी आलेख काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "हे बघा, मशीनला ना तुमचं नाव माहीत, ना माझं. जे असतं ते दाखवतं."

"पण मी बघितलंय खंगाळताना."

"सगळ्या टाक्या? प्रत्येक वेळी? तुम्ही चुकला नसाल तर तुमच्या हाताखालचं कुणीतरी चुकलंय. तिथे विचारा. इथे विचारून काय उपयोग?"

तो आलेखाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाताखाली एकच हाय." नमस्कार केला, चपला घातल्या आणि गेला. आला तेव्हा गोंधळलेला होता, जाताना शांत दिसला. नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात. आपल्याकडे समजावून सांगायलाच कुणाला वेळ नसतो.

२७ ऑक्टोबर

कारखान्याकडून काजूकतलीचा डबा आला. दिगंबरराव खुशीत. टाक्या धुणारा माणूस सापडला म्हणे, आणि त्याला काढून टाकला. त्यांचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, तुमच्यामुळे पुढचा अनर्थ टळला.

ऐन दिवाळीत कुणाची तरी नोकरी गेली असं क्षणभर मनात आलं. पण लोकांच्या पोटात फॉर्मालिन जाण्यापेक्षा ते बरं. दोन वड्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

४ नोव्हेंबर

कसब्यातले यज्ञेश्वरकाका आज पहाटे गेले. श्रीनिवासचे चुलत काका. लग्नानंतर मी त्यांना एकदाच नमस्काराला भेटले, तेव्हा त्यांनी "ही कोण?" असं विचारलं होतं.

श्यामलावहिनींचा फोन आला. जाऊ असावी तर अशी. माणूस गेल्याचं एका वाक्यात सांगितलं आणि सुतकाचे नियम दहा वाक्यांत. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, दिवा नाही, उदबत्ती नाही, आणि "तुझं ते ऑफिसातलंसुद्धा नाही बरं का". मी हो म्हटलं. वहिनींशी वाद घालण्यापेक्षा सुतक पाळणं सोपं.

प्रयोगशाळेत दत्ताला लांबूनच हात जोडले.

७ नोव्हेंबर

दिगंबरराव सकाळी तोंड पाडून आले. कारखान्याने त्याच नमुन्यांचा दुसरा भाग मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवला होता. त्यांचा अहवाल आला. फॉर्माल्डिहाइड: आढळले नाही.

म्हणजे आमचा अहवाल परत आला. कुणी तसं म्हणत नाही, पण अर्थ तोच.

दिवसभर डोकं तापलेलं होतं. मुंबईच्या लोकांना घाई असते. एका दिवसात शंभर नमुने ढकलतात, कोणत्या बाटलीत काय आहे हेही बघत नसतील. दिगंबररावांना म्हटलं, आपल्या फ्रीजमध्ये थोडा थोडा माल शिल्लक आहे, पुन्हा करते आणि त्यांच्या तोंडावर मारते. सिलिंडर अजून आला नाही. पंप आहे.

८ नोव्हेंबर

सुळका आला नाही.

तिन्ही नमुन्यांत नाही. फॉर्माल्डिहाइडच्या जागी आलेख सपाट आहे. बाकीची अल्डिहाइडं जशीच्या तशी.

११ नोव्हेंबर

काल आणि आज पुन्हा केलं. नाही म्हणजे नाही.

बाटल्यांची बुचं सैल असणार, फ्रीज नीट गार होत नसणार, इतक्या दिवसांत ते उडून गेलं असणार. दिगंबररावांना हे सांगितलं आणि त्यांना एकदम हायसं वाटलं. मला वाटलं नाही. उडून जायचं तर आधी दारूतलं दुसरं अल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, उडायला हवं, दारूत विरघळल्यावर ते याहून उडाणटप्पू. आणि ते तर ऑक्टोबरमध्ये होतं तेवढंच आजही आहे.

हे मी दिगंबररावांना सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर

काल सुतक फिटलं. आज लवकर गेले. फळी पुसली, तसबिरीला फूल वाहिलं, आणि इतक्या दिवसांची कसर भरून काढायची म्हणून एकाऐवजी दोन उदबत्त्या लावल्या. मग पंप सुरू केला आणि शिल्लक राहिलेला शेवटचा थोडासा नमुना आटवायला घेतला. एकदा काय ते ठरू दे.

सुळका आला. त्याच जागी, ठसठशीत.

आधी मला आनंद झाला. हे लिहिलंच पाहिजे. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली, एकटीच. मुंबईवाले चुकले, मी बरोबर. दिगंबररावांना हाक मारायला वळले तर फळीकडे लक्ष गेलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात नव्हता. तो आडवा वळून पंपाच्या मागच्या भोकात शिरत होता. रोज माझ्या डोळ्यांसमोर तसाच शिरत असणार.

नुसता मद्यार्क घेतला, त्यात औषध घातलं आणि त्याच पंपाने आटवलं. दारूचा एक थेंब नाही. सुळका आला. उदबत्त्या विझवल्या, दारं-खिडक्या उघडल्या, दुपारपर्यंत थांबले, पुन्हा नुसता मद्यार्क घेतला. सपाट.

उदबत्तीच्या धुरात फॉर्माल्डिहाइड असतं हे मला माहीत आहे. कुणी नवीन सांगायला नको. पूर्वी कॉलेजात शिकवायचे तेव्हा विद्यार्थ्यांना मी स्वतः सांगितलंय. नायट्रोजनने ते आलं नसतं. पंप खोलीतली हवा ओढत होता आणि त्या हवेत जे होतं ते नमुन्यात घालत होता. सुतकातले नमुने स्वच्छ आले, कारण श्यामलावहिनींनी मला उदबत्तीला हात लावू दिला नाही. आणि ऑक्टोबरात एक ब्लँक केला असता, फक्त एक, तर त्याच दिवशी कळलं असतं. अर्धा दिवस वाचवला मी.

तो माणूस विचारायला आला होता, मशीन चुकू शकतं का. मशीन चुकलंच नाही. त्याने तर बिचाऱ्याने इमानदारीने माझा धूर मोजून दिला. मी चुकले, आणि वर त्याला शहाणपण शिकवलं. जेवण गेलं नाही. श्रीनिवासला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

१५ नोव्हेंबर

दिगंबररावांना सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, आता नमुना स्वच्छ आलाय ना, मग तसं कळवू. "फेरतपासणीत आढळले नाही." संपलं.

मी म्हटलं, त्याने त्यांना वाटेल की पहिलं खरं होतं आणि आता कसंतरी निवळलं. ज्या माणसाला काढलं तो दोषीच राहील.

"सरोजिनीबाई, माझ्या प्रयोगशाळेच्या कागदावर उदबत्ती हा शब्द येता कामा नये. सगळं पुणं हसेल. तुम्हाला आधी हसेल."

पत्र त्यांनी टाइप केलं. सही मी केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचीच जास्त लाज वाटते. खरं सांगायचं तर त्यांनी "हसेल" म्हटलं तेव्हा मलाही तेच नको होतं.

१७ नोव्हेंबर

आज विशेष काही घडलं नाही असं लिहिणार होते. खोटं आहे. दोनदा कारखान्याचा नंबर लावला आणि दोनदा पलीकडून "हॅलो" आल्यावर ठेवला. या वयात असले पोरकट उद्योग. दुपारी पुरवठादाराने सिलिंडर आणून ठेवला आणि उशिराबद्दल माफी मागितली. त्याच्यावर ओरडले. त्याला काय कळणार मी का ओरडतेय.

१९ नोव्हेंबर

श्रीनिवासला सांगितलं. मला वाटलं तो काहीतरी टोमणा मारेल आणि मग मला त्याच्यावर चिडता येईल. तो हसला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्याला काढलं त्याचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. फॉर्माल्डिहाइडचा आकडा दशांशापर्यंत पाठ आहे माझा.

२१ नोव्हेंबर

काल कारखान्याला माझ्या नावाने पत्र लिहिलं. पहिला अहवाल चुकीचा होता, टाक्यांत फॉर्मालिन नव्हतं, चूक माझी, आणि चूक कशी झाली तेही. उदबत्ती हा शब्द त्यात आहे. आज सकाळी एक प्रत दिगंबररावांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, म्हणाले, "तुम्ही आता तुमचं बघा." म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग पत्र घेऊन बसने हडपसर गाठलं, तिथून रिक्षा. पत्र कारखान्यात व्यवस्थापकांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि "कळवतो" म्हणाले. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही, ते बरंच झालं.

फाटकाबाहेर पाळी सुटायची वाट बघत थांबले. मच्छिंद्र बाहेर आला, त्याने मला लगेच ओळखलं. बाई एवढ्या लांब आल्या म्हणून समोरच्या टपरीवर बाकडं पुसून दिलं. मी बसले आणि सगळं सांगितलं. लेक्चर देते तसं सांगितलं गेलं, पंप, धूर, ब्लँक. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला बोलताच येत नाही की काय कोण जाणे.

तो चहाचा पेला हातात धरून ऐकत होता. पेला भरलेलाच राहिला. मी माफी मागितली. त्याने पेला बाकड्यावर ठेवला. मी विचारलं, ज्यांना काढलं ते कोण? नाव काय?

"संपत. आमच्या शालूचा नवरा. माझी धाकटी बहीण शालू. मीच लावला व्हता त्याला कामाला."

आणि मग थांबत थांबत त्याने पुढचं सांगितलं. त्या दिवशी तो माझ्याकडून गेला तो थेट कारखान्यात. संपतला विचारलं. संपत म्हणाला, तीनदा खंगाळली, तुम्ही बघितलंत. पण मच्छिंद्रच्या डोळ्यांसमोर माझा आलेख. बाईंनी दाखवलं, बाईंनी सांगितलं हाताखालचं कुणीतरी चुकलंय, आणि हाताखाली एकच माणूस. त्याने स्वतःच व्यवस्थापकांना संपतचं नाव दिलं. घरी सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हणाला. भाऊबीजेला शालूकडे गेला नाही, तिनेही बोलावलं नाही. आईबाप गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी म्हटलं, हे मी त्यांना जाऊन सांगते. मला त्यांच्याकडे घेऊन चला. तो म्हणाला, रविवारी चला. इतकी माणसं आजवर माझ्याकडे आली, पण मी कुणाकडे जाते म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मला सुचेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याच्याकडे वर बघवेना.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी यातलं काही सौम्य करून लिहीन. माझा मला भरवसा राहिलेला नाही.

मच्छिंद्रने हडपसरला मला मोटारसायकलवर मागे घेतलं. मांजरीच्या बाजूला, उसाच्या कडेने आत गेल्यावर दोन खोल्यांचं घर. अंगणात शालू धुणं वाळत घालत होती. भावाला पाहून ती आत गेली नाही की पुढेही आली नाही. हातातलं लुगडं नीट झटकून दोरीवर टाकलं, मग म्हणाली, "या." ते मला म्हणाली.

संपत घरातच होता. कारखाना सुटल्यापासून एका रोपवाटिकेत रोजावर जातो. किरकोळ बांधा, हातांना माती. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यापाशी बसला. मच्छिंद्र दाराबाहेरच उभा राहिला.

मी सांगितलं. या वेळी पंप, ब्लँक काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की दारूत काही नव्हतं, टाक्या स्वच्छ होत्या, तुम्ही तीनदा खंगाळल्या ते खरं होतं. मी लावलेल्या उदबत्तीचा धूर मी तुमच्या नावावर घातला. कारखान्याला तसं लिहून दिलंय. तुम्हाला परत घेतील.

संपत म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शालूने चहा आणून ठेवला. मी पेला उचलला. सगळं निभावलं असं वाटलं. खरंच वाटलं.

मग शालू दाराकडे वळली.

"ह्या बाईंना आमचं काय ठावं? त्यांनी कधी ह्यांना पाहिलं न्हवतं. त्यांनी कागद बघितला नि बोलल्या. दादा, तू तर ह्यांना वळखत व्हतास."

मच्छिंद्रने दाराची चौकट धरली.

"ह्यो माणूस तुला म्हणाला, मी खंगाळली. तू म्हणालास, मशीनमधी आलंय. तवा मी मनाला समजावलं, मशीनमधी आलंय तर दादा तरी काय करील. आता बाई म्हणत्यात, मशीनमधी कायबी न्हवतं. मग आता मी काय समजावू?"

संपत म्हणाला, "जाऊ दे शालू." ती थांबली. चहाचा पेला माझ्या हातात तसाच होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. मच्छिंद्र खाली मान घालून अंगणातल्या चुलीकडे बघत होता. इतके दिवस त्याच्याकडे निदान माझा कागद होता. बहीण बोलत नव्हती, पण तिच्याही मनात त्या कागदाची सोय होती. मी आले, खरं सांगितलं, स्वतःचं ओझं उतरवलं आणि दोघांची ती सोय काढून घेतली. मी इथे यायचं ठरवलं तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त माझाच विचार केला होता, आणि त्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते.

मी म्हटलं, "शालूताई, मीच त्यांना सांगितलं होतं, हाताखालच्याला विचारा म्हणून." ती म्हणाली, "तुम्ही इचारा म्हणालात." आणि माझ्या हातातला पेला घेऊन आत गेली.

निघताना मच्छिंद्र उंबऱ्याशी गेला आणि संपतच्या पायांना हात लावायला वाकला. संपतने मागे सरून त्याचे हात धरले. "असं करू नगा दादा," एवढंच म्हणाला. धाकट्या बहिणीचा नवरा, वयाने लहान. शालू आतून आली नाही.

त्याने मला गाडीवरून परत आणलं. हडपसरच्या बस थांब्यावर मी उतरले. मी म्हटलं, "मच्छिंद्र, तुम्ही मला काहीतरी बोला. दोन शिव्या घाला."

तो गाडीवर बसूनच म्हणाला, "तुम्हाला काय बोलू मॅडम? मी मशीनबद्दल इचारायला आलो, तुम्ही मशीनचं सांगितलं. संपतबद्दल मी कुणालाच इचारलं न्हाई."

कर्वेनगरची बस आली. त्याने कंडक्टरला ओरडून सांगितलं, बाईंना नीट बसू द्या. मला खिडकी मिळाली. बस सुटेपर्यंत तो तिथेच थांबला होता, आणि सुटल्यावर त्याने नमस्कार केला. मी उलट हात जोडले नाहीत. कोणत्या तोंडाने जोडणार होते?